जुन्या यादीतली इंग्रज, स्कॉटिश, आयरिश आडनावं: अर्थ कसा लावायचा?

बाळीवेस_वाचक

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या कापडधंद्यावर शाळांसाठी माहितीफलक करायचं काम चालू आहे. हातमागापासून यंत्रमागापर्यंतचे शोध, आणि आपल्या भागाशी संबंध आलेले काही साहेब, असे दोन भाग आहेत. प्रत्येक नावाखाली आडनावाच्या अर्थाची एक ओळ द्यायची आहे, कारण मुलं तेच आधी विचारतात.

शोधकांची नावं: के, हारग्रीव्ह्ज, आर्कराइट, क्रॉम्प्टन, कार्टराइट. साहेबांची: मन्रो (1818 चा सोलापूरचा वेढा), एल्फिन्स्टन, माल्कम, फ्रिअर, मेडोज टेलर (नळदुर्गचा), नाईट (1930 च्या मार्शल लॉचे कलेक्टर). शिवाय फिटर-ओव्हरसियर लोकांच्या एका जुन्या यादीची झेरॉक्स आहे. तिच्यात वॉकर, कॉटन, शटलवर्थ, स्मिथ, वॉर्ड, मॅकिन्टायर, ओब्रायन आणि फिट्झपॅट्रिक आहेत.

मी लावलेले अर्थ: वॉकर म्हणजे चालणारा (निरोप्या असावा), कॉटन म्हणजे कापूसवाला, शटलवर्थ म्हणजे धोटे बनवणारा, नाईट म्हणजे सरदार घराणं. 'मॅक' असेल तर स्कॉटिश आणि 'ओ' असेल तर आयरिश, हे बरोबर ना? आणि आडनाव टाकलं की घराण्याचं बोधचिन्ह काढून देणाऱ्या वेबसाइट आहेत, ती चित्रं फलकावर घेतली तर चालतील का?

पूर्वभाग_माग

चारपैकी चारही अर्थ चुकलेत, पण असे कुणाचेही चुकतील. आजच्या इंग्रजीचा शब्दकोश उघडून सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं नाव वाचायला गेलं की हेच होतं. बहुतेक इंग्रजी आडनावं साधारण 1400 पर्यंत वंशपरंपरेने चालू झाली होती. तेव्हाचा शब्द आणि तेव्हाची बोली धरूनच अर्थ लावावा लागतो.

वॉकरपासून सुरू करतो, कारण हे नाव तुमच्या फलकासाठी सोन्यासारखं आहे. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात घालून पाणी, शिळं मूत्र आणि मुलतानी माती टाकून तासन् तास पायांनी तुडवायचे. मूत्रातल्या अमोनियाने लोकरीचं तेल सुटायचं. ओल, ऊब आणि दाब मिळाला की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून कापड आटायचं आणि घट्ट व्हायचं. हे तुडवणारा तो वॉकर. पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पायांनी तुडवणं थांबलं, तरी नाव तेच राहिलं. सुती कापडाला ही क्रिया लागतच नाही, कापसाच्या तंतूला खवले नसतात. म्हणून आपल्या चादरीच्या धंद्यात या कामाला तोडीचं काही सापडणार नाही, उगाच जुळवू नका.

याच कामाची इंग्लंडमध्ये तीन आडनावं आहेत. उत्तरेकडे वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. काम एक, बोली तीन. म्हणजे आडनाव नुसता धंदा सांगत नाही, घराणं मूळ कुठल्या भागातलं याचाही अंदाज देतं. रंगाऱ्याचंही तसंच: नैर्ऋत्येकडे डायर, तर यॉर्कशायर आणि पूर्वेकडच्या काही भागांत लिस्टर. विणकराचे वेब, वेबर, वीव्हर आणि वेबस्टर. यातलं 'स्टर' मुळात बाईमाणसाचा प्रत्यय होता (बॅक्स्टर म्हणजे भट्टीवाली, ब्रूस्टर म्हणजे दारू गाळणारी). उत्तरेकडे तो पुढे पुरुषांनाही लागू झाला, त्यामुळे वेबस्टर दिसला की मूळ पूर्वज बाईच होती असं मात्र धरू नका.

सोलापूरकरांनी फलकावर घ्यावंच असं एक नाव तुमच्या यादीत नाही: चॅलनर. फ्रान्समधल्या शालाँ गावच्या लोकरी पांघरुणांना मध्ययुगीन इंग्रजीत गावाच्याच नावाने ओळखत, आणि ती पांघरुणं करणारा किंवा विकणारा तो चॅलनर. पांघरुणाला गावाचं नाव आणि माणसाला पांघरुणाचं. 'सोलापुरी' म्हटलं की चादरच डोळ्यांपुढे येणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता फसवी नावं. कॉटनचा कापसाशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'कोट' म्हणजे झोपडी, आणि 'झोपड्यांपाशी' अशा अर्थाच्या रूपावरून कोटन, कॉटन नावाची बरीच गावं झाली. आडनाव त्या गावांवरून. शटलवर्थही लँकेशायरमधलं गावच. त्यातलं 'शटल' म्हणजे दाराचा अडसर आणि 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा. गंमत अशी की धोट्याचा शब्द आणि अडसराचा शब्द दूरचे भाऊ आहेत, पण आडनाव अडसराकडून आलेलं आहे.

तुमचे शोधक घेऊ. आर्कराइट: 'आर्क' म्हणजे धान्य-पीठ ठेवायची लाकडी पेटी, 'राइट' म्हणजे कारागीर, बहुधा लाकडाचा. म्हणजे पेट्या बनवणारा सुतार. कार्टराइट म्हणजे गाड्या बनवणारा. क्रॉम्प्टन हे ओल्डहॅमजवळचं गाव, 'वळणावरची वाडी'. हारग्रीव्ह्ज हेही जागेवरून, 'सशांची राई' किंवा 'करडी राई'. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात, एकच छापू नका. के हे सगळ्यांत अवघड. चावी (बनवणारा किंवा सांभाळणारा), बंदराचा धक्का, डावखुरा, जॅकडॉ नावाचा कावळ्याच्या जातीचा पक्षी, असे चार-पाच उगम आहेत आणि वेगवेगळ्या घराण्यांचे वेगवेगळे असू शकतात. जॉन के लँकेशायरमधल्या बरीचा, एवढं ठाऊक असूनही त्याचा उगम यांतला नेमका कुठला हे ठरत नाही. फलकावर 'एकाहून अधिक उगम' एवढंच लिहा.

आणि एक ओळ जरूर टाका: आडनावातला धंदा त्या माणसाचा धंदा नव्हे. 1769 मध्ये सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेणारा आर्कराइट पेशाने न्हावी आणि टोप बनवणारा होता. 1785 मध्ये यंत्रमागाचं पेटंट घेणारा कार्टराइट चक्क पाद्री. त्यांच्या काळापर्यंत आडनावं गोठून काही शतकं झाली होती. आपल्याकडे कुलकर्णी आडनावाचा माणूस दप्तर सांभाळतोच असं कुठे आहे?

चार_पुतळे_चौक

वरचा प्रतिसाद उत्तम. नाईटपुरतं सांगतो, कारण सोलापुरात हे नाव जपूनच लिहावं लागतं.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'पोरगा' किंवा 'चाकर' असा होता. घोड्यावरचा लढवय्या आणि मग उमराव हा अर्थ नंतर चढला. आडनाव बहुतेक वेळा सरदाराच्या पदरी असलेल्या नोकरावरून पडलेलं असतं, किंवा गावच्या खेळात ते सोंग घेणाऱ्यावरून. किंग, बिशप, पोप ही आडनावं तशीच आहेत. राजाला राजा म्हणून आडनाव लागायची गरजच काय? म्हणून 'सरदार घराणं' ही ओळ खोडा. ज्यांनी 1930 चा मार्शल लॉ आणि जानेवारी 1931 च्या फाशा पाहिल्या त्या गावात कलेक्टरला फुकटची सरदारकी देणं बरं दिसणार नाही, ते वेगळंच.

शब्द वर चढतात तसं हे मार्शलचंही झालंय. मूळ अर्थ घोड्यांचा नोकर, मोतद्दार. स्पेन्सर म्हणजे वाड्याचा कोठारी. बटलर म्हणजे मद्याच्या बाटल्या सांभाळणारा.

फ्रिअर हे जुन्या फ्रेंचमधून, 'भाऊ' किंवा मठातला बंधू. टेलर म्हणजे शिंपी, यात काही गुंता नाही.

हिप्परगा_तलाव

'मॅक स्कॉटिश, ओ आयरिश' यातला अर्धाच भाग खरा आहे. 'ओ' आयरिशच, पण 'मॅक' दोन्हीकडे. दोन्हीकडची जुनी भाषा गेलिक, तिच्यात मॅक म्हणजे मुलगा. 'ओ' म्हणजे नातू, आणि त्यावरून वंशज. इंग्रजीतल्या 'चा/ची' अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही. 'ओ'च्या पुढे वरच्या बाजूला स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) दिसतो ती इंग्रज लेखनिकांची करणी. मूळ आयरिशमध्ये ते दीर्घ 'ओ' आहे, अक्षरावर तिरकी रेघ असते. आणि मॅक, मक्, एम्-वर-स्वल्पविराम ही एकाच शब्दाची पूर्ण आणि संक्षिप्त रूपं आहेत. 'लांब लिहिलं तर स्कॉटिश, आखूड लिहिलं तर आयरिश' ही निव्वळ अफवा. एकाच घरातल्या दोन नोंदींत दोन्ही सापडतात.

ओब्रायन म्हणजे ब्रायन बोरूचे वंशज. 1014 मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेला हा राजा, त्याच्या नातवंडांच्या काळात हे नाव आडनाव म्हणून रुळलं. ओनील हे 919 मध्ये मारला गेलेल्या नीअलवरून. म्हणजे आयर्लंडमध्ये आडनावं इंग्लंडच्या कितीतरी आधी वंशपरंपरेची झाली होती. हा मुद्दा फलकावर घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे सगळं काही इंग्लंडपासून सुरू झालं अशी समजूत असते.

मॅकिन्टायर: गेलिकमध्ये 'सुताराचा मुलगा'. स्कॉटलंडमध्ये हे आर्गाइल भागातलं घराणं. आयर्लंडमध्ये याच नावाची गंमत झाली. 'सुतार' या अर्थाचा गेलिक शब्द आणि 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द दिसायला एकच. त्यामुळे कुणी त्याचं भाषांतर कार्पेंटर केलं, कुणी फ्रीमन. मूळ आडनाव एक, इंग्रजीत तीन.

हे भाषांतराचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण तुमच्या यादीतल्या स्मिथ आणि वॉर्डची मेख तिथेच आहे. 1465 मध्ये एक कायदा झाला. डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या भागांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यायचं: एखाद्या गावाचं, रंगाचं (व्हाइट, ब्लॅक, ब्राउन), कसबाचं (स्मिथ, कार्पेंटर) किंवा हुद्द्याचं (कुक, बटलर). त्याने सगळं काही बदललं नाही, पण पुढच्या दोन-तीन शतकांत इंग्रजी राज्य घट्ट होत गेलं तशी नावं तीन तऱ्हांनी वाकली. एक, कानाने ऐकून लिहिणं: 'ओ मुर्खाधा'सारखं (अर्थ सागरयोद्ध्याचा वंशज) नाव मर्फी झालं. आपल्या लोकांनी एल्फिन्स्टनचा अल्पिष्टन केला तोच प्रकार, फक्त इथे दप्तर इंग्रजांच्या हाती होतं. दोन, भाषांतर: 'लोहाराचा मुलगा' मॅकगव्हन कॅव्हन परगण्यात सरसकट स्मिथ झाला. तीन, जवळचं दिसणारं इंग्रजी नाव चिकटवणं: ओ कॉयलान चे कॉलिन्स, ओ मोर्धा चे मूर, मॅक रुरीचे रॉजर्स.

म्हणून इंग्लंडचा वॉर्ड म्हणजे पहारेकरी, आणि आयर्लंडचा वॉर्ड म्हणजे 'मॅक अन वॉर्ड', भाटाचा मुलगा. लिहायला सारखे, मुळात काही नातं नाही. स्मिथ, मूर, कॉलिन्स, ह्यूज, क्लार्क, किंग, फॉक्स यांच्या बाबतीत माणूस कुठला हे कळल्याशिवाय अर्थ लिहूच नका.

फिट्झपॅट्रिक हा तर अपवादातला अपवाद. 'फिट्झ' नॉर्मन फ्रेंचमधलं, अर्थ 'मुलगा'. फिट्झजेराल्ड वगैरे नॉर्मन सरदारांची घराणी. (फिट्झ म्हणजे अनौरस, हे सरसकट खरं नाही. फिट्झरॉय, फिट्झक्लॅरन्स अशी राजांच्या अनौरस मुलांना दिलेली नावं उशिराची, त्यावरून ती समजूत पसरली.) पण फिट्झपॅट्रिक अस्सल गेलिक: 'मॅक गिला फाद्रिग', संत पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा. आयर्लंडमधल्या ऑसरी भागातल्या या घराण्याने 16 व्या शतकात इंग्रज राजाशी तह करून किताब घेतला आणि नावही नॉर्मन थाटाचं झालं.

'गिला' म्हणजे सेवक, हा शब्द ओळखता आला की गिलरॉय, किलरॉय, मॅकिलरॉय हे एकाच कुळातले वाटू लागतात. माल्कममध्येही तोच भाव आहे: 'माल' म्हणजे डोकं भादरलेला, म्हणजेच भक्त. संत कोलंबाचा भक्त तो माल्कम.

स्कॉटिश बाजूला एल्फिन्स्टन हे एडिंबरोच्या पूर्वेकडच्या ईस्ट लोदियनमधल्या जमिनीचं नाव, कर लावून करता येईल तसं. मन्रोला गेलिकमध्ये 'रो चा' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि 'रो' म्हणजे उत्तर आयर्लंडमधली रो नदी असं घराण्याची परंपरा सांगते. परंपरा म्हणूनच द्या. शारीरिक खुणांची नावं मुलांना आवडतील: कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा, हायलंडमधला कॅमरन म्हणजे वाकड्या नाकाचा. बेग म्हणजे ठेंगणा, रीड म्हणजे तांबड्या केसांचा.

एक सावधगिरी. स्कॉटिश कुळाचं आडनाव म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. जमीनमालकाचं नाव त्याच्या कुळांनीही घ्यायची चाल होती, आसरा मिळायचा म्हणून. उलट मॅकग्रेगर हे नाव 1603 मध्ये राजाच्या हुकमाने बंद झालं. ते लावणं हाच गुन्हा. मग लोक कॅम्बेल, मरे, ग्रँट, ड्रमंड झाले. प्रसिद्ध रॉब रॉयसुद्धा आईचं कॅम्बेल आडनाव लावायचा. मधली काही वर्षं सोडली तर बंदी 1774 पर्यंत टिकली. त्यामुळे आज कॅम्बेल असलेला एखादा मूळचा मॅकग्रेगर असू शकतो आणि शब्दकोश त्याला वाकड्या तोंडाचाच म्हणणार.

बाळीवेस_वाचक

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. म्हणजे यादीतल्या स्मिथ आणि वॉर्डचं गाव कळल्याशिवाय गत्यंतर नाही. यादीत फक्त आडनाव, नावाचं पहिलं अक्षर आणि हुद्दा आहे. गाव कसं काढायचं? आणि हिप्परगा ताई/दादा, आपल्या 'कर' सारखा इंग्रजीत एखादा प्रत्यय आहे का? मुलांना 'टन' म्हणजे 'कर' असं सांगितलं तर चालेल का?

हिप्परगा_तलाव

ताई म्हणा. :)

'टन' म्हणजे 'कर' नव्हे. 'टन' हा गावाच्या नावाचा तुकडा, आपल्या 'वाडी', 'गाव', 'पूर' सारखा. 'ली' म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा, 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, 'बी' हे डेन लोकांच्या वस्तीचं गाव, 'थ्वेट' ही नॉर्स लोकांची तोडलेली जमीन. आडनाव करताना इंग्रजीत गावाला पुढे काहीच जोडत नाहीत, गाव तसंच्या तसं लागतं. क्रॉम्प्टनचा माणूस क्रॉम्प्टनच.

पण 'कर'शी एक साम्य पक्कं आहे. पंढरपुरात राहणाऱ्याला पंढरपूरकर म्हणून काय कळणार? ते नाव बार्शीत किंवा सोलापुरात आल्यावर पडतं. गावाचं आडनाव घराणं कुठून निघालं ते सांगतं, नाव पडलं तेव्हा ते राहत कुठे होतं ते नाही. हे लागू होत नाही ते शेजारच्या खाणाखुणांच्या नावांना: हिल, वुड, ग्रीन, ॲटवुड (रानापाशी). ती माणसं तिथेच राहणारी. नॅश आणि नोक्समध्ये तर 'पाशी' या अर्थाच्या जुन्या शब्दाचा शेवटचा 'न' झाडाच्या नावाला चिकटलेला आहे: ॲश आणि ओक्स.

'मुलगा' दाखवणारे प्रत्यय मात्र इंग्रजीत आहेत. उत्तरेकडे 'सन' (जॅकसन, विल्सन), दक्षिणेकडे आणि वेल्सकडे नुसता 'स' (विल्यम्स, जोन्स). वेल्समध्ये 'आप' म्हणजे मुलगा, त्याचा प नावाला चिकटला: आप हवेलचा पॉवेल, आप ऱ्हीसचा प्राइस. बापाऐवजी आईचं नाव लागलेलीही आहेत. मॅरियट मेरीवरून, टिलॉटसन माटिल्डावरून. लाडकी नावं मधे आली की ओळखणं कठीण: रॉबर्टचा हॉब, त्याचा हॉब्सन; रिचर्डचा हिक आणि डिक, त्यांचे हिग्गिन्स आणि डिक्सन; वॉल्टरचा वॉट, त्याचा वॉटकिन्स.

पूर्वभागातल्या (सोलापूरच्या तेलुगू विणकर वस्तीतल्या) मुलांसाठी एक वेगळी तुलना जास्त चपखल बसेल. तेलुगू घरांत 'इंटिपेरू' म्हणजे घराचं नाव आधी आणि माणसाचं नंतर येतं. शाळेच्या दाखल्यावर ते मराठी पद्धतीने उलटतं किंवा गाळलं जातं. आयरिश 'ओ' आणि 'मॅक' दाखल्यांवरून असेच गळले. 17-18 व्या शतकात ओ सुलिव्हन नुसते सुलिव्हन झाले, आणि 19 व्या शतकाच्या शेवटी भाषेची चळवळ उभी राहिली (गेलिक लीग, 1893) तेव्हा बऱ्याच घरांनी 'ओ' परत लावला. 'मॅक' परत लावणारे तुलनेने कमी. त्यामुळे आजोबा कॉनर आणि नातू ओकॉनर असं दिसलं तर घोटाळा समजू नका.

होटगी_स्टेशन

गाव शोधायचं कसं, ते सांगतो. क्रम बदलू नका.

आधी भारतातली नोंद. मुंबई इलाख्यातल्या युरोपीय ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. मुंबईचा विभाग एन-3 (बंगाल एन-1, मद्रास एन-2). फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर नावांची सूची फुकट शोधता येते, फॅमिलीसर्चवरही बरंच आहे. लग्नाच्या नोंदीत बापाचं पूर्ण नाव मिळतं, तेच खरं हवं असतं. दफनाच्या नोंदीत वय आणि हुद्दा मिळतो, गाव क्वचित. माणूस कुठल्या पंथाचा हे बघा: रोमन कॅथलिक पद्धतीने लग्न झालेला स्मिथ किंवा वॉर्ड आयरिश असण्याची शक्यता एकदम वाढते. पुरावा नव्हे, पण पुढे कुठे खणायचं ते कळतं.

सैन्यातून गिरणीत किंवा रेल्वेत आलेला असेल तर पलटण बघा. मुंबईच्या जुन्या युरोपियन पलटणीची पुढे 103 वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स झाली आणि 1881 मध्ये ती मद्रासच्या 102 व्या पलटणीबरोबर मिळून रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स बनली. एवढ्यावरून सगळे शिपाई आयरिश होते असं नाही. शिपायाच्या भरतीच्या कागदात जन्माचा परगणा लिहिलेला असतो, तो मिळवा.

मग तिकडची नोंद. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर सूची फुकट. त्याआधी चर्चची दप्तरं, ती 1538 पासून ठेवायचा हुकूम होता. स्कॉटलंडची सरकारी नोंद 1 जानेवारी 1855 पासून, स्कॉटलंड्सपीपलवर, प्रत बघायला पैसे पडतात. पण स्कॉटिश नोंदीत आईचं माहेरचं आडनावही असतं, म्हणून पैसे वसूल. आयर्लंडची 1864 पासून (बिगर-कॅथलिक विवाह 1845 पासून), तिथल्या सरकारी संकेतस्थळावर फुकट. आयर्लंडमध्ये खरी अडचण शिरगणतीची. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार यादवीत जळालं. 1821 ते 1851 च्या शिरगणत्यांतलं बहुतेक सगळं तिथे गेलं, आणि 1861 ते 1891 च्या त्याआधीच सरकारने स्वतःच नष्ट केलेल्या. उरल्या पूर्ण अशा 1901 आणि 1911, दोन्ही फुकट. आधीचं हवं असेल तर 1847 ते 1864 ची ग्रिफिथची जमीन-मूल्यांकन पाहणी. तिच्यात घरमालकाचं आणि कुळाचं नाव वाडीनिहाय मिळतं. एखादं आडनाव कुठल्या परगण्यात गर्दी करून आहे हे बघायला याहून सोपं साधन नाही. कॅव्हनमध्ये स्मिथांची रांग दिसेल.

शोधताना लोक अडकतात ते हमखास एकाच ठिकाणी. ओब्रायन शोधला, नाही सापडला, सोडून दिलं. संगणकाला वरचा स्वल्पविराम कधी चालतो, कधी नाही. म्हणून चार वेळा शोधा: स्वल्पविरामासह, मधे जागा सोडून, जोडून, आणि 'ओ' काढून नुसता ब्रायन. मॅकिन्टायरसाठी लांब मॅक, आखूड मक्, आणि मॅक काढून इन्टायर. शेवटच्या स्वरांच्या जागी तारांकन टाकलं की आय-वायचा घोळ मिटतो. मॅकचा 'क' पुढच्या नावाला चिकटून मॅक गळाल्याचीही उदाहरणं आहेत: मॅक ओएनचा मॅकोन आणि कीऑनसुद्धा. स्वरापुढे मॅकचा 'मग' होतो, मग्वायर आणि मगेनिस तसे.

सगळ्या जुन्या नोंदी तारखेनुसार एका कागदावर उतरवा आणि मगच व्युत्पत्तीचा कोश उघडा. सर्वांत जुनं स्पेलिंग आणि सर्वांत जुनं गाव, या दोन गोष्टी हातात नसतील तर कोशातले पाचही अर्थ खरेच वाटतात.

पूर्वभाग_माग

बोधचिन्हाचं राहिलं. घेऊ नका. इंग्लंड-स्कॉटलंडात ढालीवरचं चिन्ह एका माणसाला मिळतं आणि ठरलेल्या वारसाने पुढे जातं, आडनावाला मिळत नाही. मुळात कुठल्यातरी एका स्मिथला दिलेली ढाल त्या साइट जगभरच्या स्मिथांना कपावर छापून विकतात. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायनचं न्यायालयच आहे, दुसऱ्याचं चिन्ह वापरणं तिथे कायद्याने गुन्हा. कुळातल्या लोकांनी वापरायचं ते वेगळं: पट्टा आणि बक्कल यांच्या वर्तुळातलं सरदाराचं शिरचिन्ह. तेही 'आम्ही याच्या पाठीशी' एवढंच सांगतं. चित्र हवंच असेल तर कार्टराइटखाली गाडीचं चाक आणि आर्कराइटखाली पिठाची पेटी काढा. मुलांना नाव त्याने लक्षात राहील.

चार_पुतळे_चौक

देवनागरीत लिहिताय तर उच्चाराचंही बघा. इंग्रजी स्पेलिंगवरून अक्षर-अक्षर उतरवलं तर काही नावांचा विचका होतो. स्कॉटिश 'मेन्झीज' खरं म्हणजे मिंगिस, आणि 'डालझील' म्हणजे डीएल. तिथे पूर्वी योग नावाचं 3 च्या आकाराचं अक्षर होतं, उच्चार य-ग च्या मधला. छापखान्यात तो खिळा नसायचा म्हणून झेडचा वापरला आणि तोच कायम झाला. 'कॉकबर्न'चा कोबर्न, 'कोलक्हून'चा कहून, 'बोशॉम्प'चा बीचम. मकाय, मक्लाऊड, मक्लेन यांत मॅकचा 'अ' निसटता, जोर पुढच्या नावावर.

बाळीवेस_वाचक

मेन्झीज यादीत नाही, वाचलो. दुरुस्त ओळी अशा करतोय, बघा जमतंय का: 'वॉकर: लोकरी कापड तुडवून घट्ट करणारा.' 'कॉटन: झोपड्यांवरून पडलेलं गावाचं नाव.' 'शटलवर्थ: अडसराचं कुंपण असलेलं गाव.' 'नाईट: मूळ अर्थ चाकर.' 'मॅकिन्टायर: सुताराचा मुलगा.' स्मिथ आणि वॉर्डखाली तूर्त 'इंग्लंडमध्ये एक अर्थ, आयर्लंडमध्ये वेगळा' असं लिहून दोन्ही देतो. शेवटच्या सूचीत मॅकवाली नावं कुठे लावू? मराठी अकारविल्ह्यात मॅकिन्टायर आणि मकाय लांब जातात.

होटगी_स्टेशन

स्मिथसाठी दोन अर्थ नकोत, दोन्हीकडे लोहारच आहे. इंग्रज असेल तर धंद्यावरून, आयरिश असेल तर 'लोहाराचा मुलगा'चं भाषांतर. दोन अर्थ फक्त वॉर्डला द्या.

सूचीत मराठी उच्चाराप्रमाणेच लावा. इंग्रजी ग्रंथालयांच्या जुन्या तालिकांत मक् आणि एम्-स्वल्पविराम हे सगळे 'मॅक' समजून एकत्र लावायची पद्धत होती. आता संगणक ती मोडतो आणि दोन्हीकडे शोधावं लागतं. तुमच्या फलकाला मराठी वाचक आहे, त्याला 'म' खाली बघता आलं म्हणजे झालं. फक्त मूळ यादीतलं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं एका वेगळ्या रकान्यात उतरवून ठेवा, चूक वाटलं तरी दुरुस्त करू नका. उद्या कुणी एन-3 मध्ये शोधायला बसला तर त्याला तेच स्पेलिंग लागेल.